सहा चाकं की एक चकती?

«दगड जमवायचा नाद जुना. गेल्या वर्षभरात वॉटर पेपर घेऊन हातानेच घासायला लागले. एक लंबगोल खडा पूर्ण व्हायला अकरा संध्याकाळी लागल्या, आणि तोही उजेडात तिरका धरला की चरे दिसतातच. आता यंत्र घ्यायचं नक्की केलंय. घरात डबे भरून अकीक आणि जॅस्पर आहे, थोडं लॅब्राडोराइट आहे, एक पिशवी मॅलाकाइट आहे. तारेत गुंफून पेंडंट करायची आहेत, विकायचा विचार आज तरी नाही. दीर म्हणतात, आडव्या चकतीचं यंत्र घे, स्वस्त पडतं आणि सगळं होतं. विक्रेता म्हणतो, आठ इंची सहा चाकांचं घ्या, पुन्हा घ्यायला नको. शिवाय ओळखीतल्या एका वयस्कर कारागिराचं दोन दगडी चाकांचं जुनं यंत्र जवळजवळ फुकट मिळतंय. जागा म्हणजे काचा लावलेली बाल्कनी, तीही खालच्यांच्या झोपायच्या खोलीवर. पैसे एकदाच घालायचे आहेत. काय घेऊ?»
– गारगोटीवेडी

गारगोटीवेडी ताई,

तुमच्या तिन्ही पर्यायांत नसलेलं यंत्र मी सुचवणार आहे. सहा चाकांचंच, पण सहा इंची. कारणं पुढे येतील. त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीपाशी मी अडलो. ‘डबे भरून अकीक’ म्हणजे काप, की अख्खे गोटे? टोपणनाव बघता गोटेच असावेत. तसं असेल तर दीर, विक्रेता आणि तो कारागीर, तिघांच्याही सांगण्यात पहिली पायरी गळली आहे. ही यंत्रं दगड घासतात, कापत नाहीत. अंड्याएवढा गोटा हिऱ्याचे कण बसवलेल्या ८० नंबरच्या चाकावर (नंबर लहान तितका दाणा जाड) धरून त्याचा पातळ तुकडा करता येतो, करणारे करतातही. पण मग एका खड्यापायी कित्येक खड्यांच्या वाट्याचा हिरा झिजतो, आणि तुमचं निम्मं अकीक गाळ होऊन पन्हाळीत जातं.

म्हणजे करवत लागणार. ती दोन प्रकारची. मुठीएवढ्या आणि त्याहून मोठ्या दगडांसाठी मोठी करवत असते, पातं दहा इंच किंवा त्याच्या पुढचं. दगड शिकंजात आवळायचा, तो आपोआप हळूहळू पुढे सरकतो आणि पातं बहुधा तेलात फिरतं. ही तुम्हाला नको. बाल्कनीत तर नकोच, तेलाचा वास महिनाभर पडद्यांना येईल. दुसरी छोटी, ट्रिमची करवत. सहा इंची पातळ पातं, खाली पाणी, दगड हातात धरून ढकलायचा. सहा इंची पात्याला मधली चकती आणि नट वजा जाता साधारण दोन इंचांपर्यंतच खोली मिळते, म्हणून त्याहून जाड दगड तिच्यापुढे नेऊ नका. लहान गोटे तुम्ही कापाल. मोठे कुणाकडून तरी ५-६ मिलिमीटरचे काप करून आणाल, किंवा सुरुवातीला तयार काप विकत घ्याल. पैसे एकदाच घालायचे असतील तर त्या एकदाच्या पैशांत ही छोटी करवत आधी बसवा आणि उरलेल्यात चाकांचं यंत्र बघा. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ भेटतात. सहा महिने त्यांचं यंत्र झाकूनच असतं.

करवतीबद्दल एकच जादा सूचना: कापताना दगड वळवायचा नाही. वळणावर कापायचा मोह होतो, कारण पेन्सिलीने काढलेली रेघ लंबगोल असते. पातं पातळ, ते बशीसारखं वाकतं आणि मग कधीच सरळ कापत नाही. लंबगोलाभोवती सरळ सरळ छाट द्या आणि उरलेले कोपरे चाकावर घालवा. आणि ती रेघ शाईची नको, पाण्यात पुसली जाते. पितळेच्या किंवा अॅल्युमिनिअमच्या तारेला टोक काढून तिने रेघ ओढली की ती शेवटपर्यंत टिकते.

आता दिरांची चकती. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आडव्या चकतीचं यंत्र लहान असतं, कमी आवाज करतं, पाणी कमी उडवतं. खड्याची पाठ सपाट करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पैलू पाडायचे असते तर मी डोळे मिटून तेच सांगितलं असतं. पण तुम्हाला घुमट हवाय, म्हणजे पाठ सपाट आणि माथा गोल फुगीर असलेला खडा. घुमट सपाट चकतीवर टेकला की एकाच ठिपक्यावर टेकतो. हात क्षणभर थांबला की तिथे नको असलेला पैलू पडतो. मग तो घालवायला शेजारी घासायचं, की तिथे दुसरा. शिवाय चकतीच्या कडेला वेग जास्त, निम्म्या अंतरावर निम्मा आणि मधोमध शून्य. त्यामुळे खडा चकतीवर सरकेल तसा त्याच्याखालचा वेगही बदलतो.

याहून वैताग वेगळाच आहे. चकती एका वेळी एकच बसते. एका खड्यासाठी पाच-सहा वेळा नट सोडा, चकती काढा, ताट धुवा, हात धुवा, खडा धुवा, खडा ज्या दांडीला लाखेने चिकटवून धरतात तिच्या लाखेत अडकलेला जाड दाणा टोकरून काढा, दुसरी चकती लावा. शिस्तीची माणसं एकदम दहा-बारा खडे घेऊन बसतात आणि एका चकतीवर सगळे उरकूनच पुढची लावतात. ते जमत असेल तर चकतीवरही सुंदर काम होतं. पण तुम्ही संध्याकाळी तासभर बसणार. त्या तासातली निम्मी वेळ धुण्यात जाईल. पुढेमागे चकतीच घ्यावी लागली, तर बारीक नंबरांसाठी खाली स्पंजाचा थर असलेल्या चकत्या घ्या. घुमट त्यात थोडा रुततो आणि पैलू पडायची भीती बरीच कमी होते.

हे रुतणं म्हणजेच सहा चाकांच्या यंत्राचं मर्म, आणि दुकानात नेमकं तेच कुणी दाखवत नाही. विक्रेता मोटर दाखवतो, दिवा दाखवतो, चाकं मोजून दाखवतो. तुम्ही सहाही चाकं अंगठ्याने दाबून बघा. पहिली दोन, ८० आणि २२० ची, दगडासारखी टणक लागतील. पोलादी चाकावर निकेलच्या मुलाम्यात हिऱ्याचे कण बसवलेले असतात. पुढची चार, बहुतेक यंत्रांत २८०, ६००, १२०० आणि ३००० ची, दाबली की किंचित आत जातात. वर रेझिनमध्ये घोळलेला हिरा, त्याखाली स्पंजासारखा थर. तुम्ही खडा टेकवता तेव्हा चाक खड्याचा आकार घेतं, खडा चाकाचा नाही. टणक चाकांवर राहिलेले बारीकसारीक सपाट डाग इथे आपसूक गोल होतात. अंगठ्याला सहाही चाकं टणक लागली तर ते यंत्र घेऊ नका, ते कितीही चाकांचं असो. उलट चारच चाकं असली आणि त्यातली दोन-तीन चांगली मऊ असली, तर मी ते आनंदाने घेईन.

तुमच्या अकरा संध्याकाळी कशात गेल्या ते आठवा. आकार द्यायला फार तर दोन गेल्या असतील, बाकी सगळ्या चरे काढण्यात. यंत्रावरही प्रमाण तेच राहतं, फक्त संध्याकाळींची मिनिटं होतात. ८० नंबरचा दाणा साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो. त्याने पाडलेला चरा २२० ला पूर्ण गेला नाही तर ६०० ला तो जाणार नाही, फक्त चकचकीत होईल. १२०० ला तुम्हाला वाटेल, गेला. ३००० नंतर झिलई आली की तोच चरा आरशातल्या केसासारखा मधोमध उभा. मग मागे थेट २२० वर. तुमच्या हातच्या खड्यावर दिसणारे चरे याच जातीचे आहेत, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. शेवटच्या कागदाचा त्यात दोष नाही, दुसऱ्या कागदावरून तुम्ही लवकर उठलात.

म्हणून प्रत्येक चाकानंतर खडा पुसून कोरडा करायचा आणि दिव्याखाली तिरका धरायचा. ओल्या खड्यावर चरे दिसत नाहीत, पाणी त्यांत भरून बसतं. एक युक्ती सांगतो: खड्यावर मार्करने आडव्यातिडव्या रेघा मारा आणि पुढच्या चाकावर घ्या. खोल चऱ्यांत शाई अडकून राहते, राहिली असेल तिथे काम बाकी आहे. सगळ्यात जास्त वेळ २८० च्या मऊ चाकावर द्या. ते चाक पहिल्यांदा झिजेल आणि पहिल्यांदा बदलावं लागेल, म्हणून खरेदी करतानाच विचारा की २८० चं सुटं चाक मिळतं का. आणि वॉटर पेपरवरचा ६०० आणि चाकावरचा ६०० हे एकच धरून चालू नका. नंबर ठरवायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, दाणा वेगळा निघू शकतो.

नव्या ८० च्या चाकाबद्दल सावध करतो. मुलाम्यातले काही कण इतरांपेक्षा उंच बसलेले असतात आणि ते नांगरासारखे चर ओढतात. पहिले काही तास त्यावर टाकाऊ अकीकाचे तुकडे घासा, मग चांगला खडा लावा. मॅलाकाइट किंवा लॅब्राडोराइट तर त्या चाकापाशी नेऊच नका, २२० पुरेसा आहे. काप नीट छाटलेला असेल तर जॅस्परलाही पुष्कळदा २२० पुरतो. ८० चं चाक सगळ्यात जोरकस दिसतं आणि नवख्याच्या हातून सगळ्यात जास्त खडे तेच बिघडवतं.

३००० नंतरची झिलई शाफ्टच्या, म्हणजे चाकं बसवलेल्या आसाच्या, टोकाला लावलेल्या चकतीवर होते. एकतर हिऱ्याची पेस्ट, १४००० नंबरची, म्हणजे दाणा एक-दोन मायक्रॉनचा. किंवा चामड्यावर अथवा नमद्यावर सिरियम ऑक्साइड या झिलईच्या पुडीचा पातळ लेप. अकीक-जॅस्परला मला सिरियम जास्त आवडतं. त्याची चमक खोल वाटते आणि हातही पटकन बसतो. फक्त चामडं अगदी कोरडं पडू लागलं की खडा तापतो, लाख सुटते आणि खडा उडून बाल्कनीच्या कोपऱ्यात. तापलेला अकीक चिरतोही.

आठ की सहा, या प्रश्नात विक्रेत्याचा मुद्दा मोडीत काढण्यासारखा नाही. चाक मोठं म्हणजे त्याच फेऱ्यांत पृष्ठाचा वेग जास्त. मिनिटाला १८०० फेरे धरले तर सहा इंची चाकाची कड मिनिटाला सुमारे ८६० मीटर धावते, आठ इंची चाकाची ११५० च्या आसपास. एक तृतीयांश जास्त काम. वक्र जरा सपाट, म्हणून मोठे खडे सोपे जातात, आणि हिऱ्याचं क्षेत्र जास्त असल्यामुळे चाक टिकतंही जास्त. पण हा फायदा कुणाचा? जो दिवसभर बसतो किंवा तळहाताएवढे खडे करतो त्याचा. तुमची पेंडंटं तीन-चार सेंटिमीटरची असतील. त्या मापाला सहा इंची चाक पुरून उरतं, आणि हळू घासलं जाणं नवशिक्याच्या पथ्यावरच पडतं, कारण चूक लक्षात यायला वेळ मिळतो. आठ इंची यंत्र जडही फार. बाल्कनीतून ते एकट्याने हलवता येत नाही, आणि बदली चाकांचा खर्चही तसाच वाढतो. ‘पुन्हा घ्यायला नको’ हे वाक्य यंत्राबद्दल खरं असेल, चाकांबद्दल कधीच नसतं. चाकं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात.

त्यावरूनच भोकाचं माप. मी पहिलं यंत्र घेतलं तेव्हा चाकाच्या मधल्या भोकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वर्षभराने २८० चं चाक संपलं तेव्हा कळलं की त्या यंत्राचा शाफ्ट सगळ्या जगाहून वेगळ्या मापाचा आहे आणि चाकं फक्त ज्याने यंत्र विकलं त्याच्याकडेच मिळतात. आणि तो धंदा बंद करून बसला होता. लेथवर बुशिंगा, म्हणजे भोक आणि शाफ्टमधली फट भरणाऱ्या कड्या, करून घेतल्या, काम चाललं, पण चाक कधी पूर्ण मध्यावर बसलं नाही. मऊ चाक जरा लंगडत फिरलं की खड्यावर बारीक लाटा उठतात. ते यंत्र पुढे एकाने नेलं आणि त्यावर तो सुऱ्यांना धार लावतो, असं ऐकलंय. तुम्ही आधी बाजारात सहज मिळणाऱ्या चाकांचं माप लिहून घ्या, व्यास, रुंदी आणि भोक, आणि मग त्याला जुळणारं यंत्र शोधा.

मोटरीवर मी फार शब्द खर्च करणार नाही. सहा इंची यंत्राला पाव ते तृतीयांश एचपी पुरते. खडा जोरात दाबल्यावरच ती अडखळत असेल तर चूक हाताची आहे. यंत्र परदेशी बनावटीचं असेल तर व्होल्टेज आणि हर्ट्झ दोन्ही तपासा. ६० हर्ट्झसाठी बनवलेली साधी इंडक्शन मोटर ५० हर्ट्झवर सुमारे सहाव्या हिश्शाने हळू फिरते. कामाला ते चालतं, फक्त आधी माहीत असावं. बेअरिंग पाण्यापासून बंद असलेलीच हवीत. हे विचारून कळत नाही, म्हणून वीज बंद असताना शाफ्ट हाताने फिरवून बघा, आणि वर-खाली हलवूनही बघा.

पाण्याकडे मात्र लोक जितकं लक्ष देतात त्याच्या दुप्पट द्यायला हवं. काही यंत्रांत एकच पंप आणि एकच बादली असते. सगळ्या चाकांचं पाणी तिथे जमतं आणि तिथूनच परत वर चढतं. आमच्याकडे असंच एक यंत्र होतं. आठवडाभर ३००० च्या चाकावर एकेक मोठा चरा पडत होता. मी खडे बदलले, चाक धुतलं, चाकाला शिव्या घातल्या. शेवटी पंपाची नळी उघडली तर तळाशी ८० नंबरच्या चाकाचा रवा बसलेला. तो पाण्याबरोबर उचलला जायचा आणि नेमका बारीक चाकावर शिंपडला जायचा. तेव्हापासून माझा नियम असा: बारीक चाकांना ताजं पाणी, थेंबाथेंबाने का होईना, आणि ते वापरलं की दुसऱ्या बादलीत. प्रत्येक चाकाखाली वेगळा कप्पा असलेलं यंत्र मिळालं तर त्यासाठी थोडे जास्त पैसे द्या. जाड आणि बारीक चाकांमध्ये निदान एक आडभिंत तरी हवीच. आणि दोन चाकांमधली जागा बघा. खडा धरलेली दांडी शेजारच्या चाकाला न लागता सगळीकडे फिरवता आली पाहिजे.

ते फुकटातलं जुनं यंत्र. खरं सांगू? मन माझं तिथेच ओढलं जातंय. ती चाकं सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजे कृत्रिम कठीण दाण्यांची असणार. एडवर्ड अॅचेसनने १८९३ मध्ये त्याच्या निर्मितीचं पेटंट मिळवलं, आणि त्यापुढची कित्येक दशकं दगड घासणाऱ्यांचा मुख्य आधार तोच राहिला. कृत्रिम हिरा प्रयोगशाळेत १९५४ च्या डिसेंबरात झाला, तो स्वस्त होऊन चाकांवर यायला पुढे बराच काळ गेला. अजूनही त्या दगडी चाकांवर काम करणारे हात मी पाहिले आहेत आणि त्यांच्या खड्यांत खोट काढता येत नाही. पण ती चाकं झिजता झिजता वेडीवाकडी होतात, त्यांना वारंवार तासून गोल करावं लागतं. पाण्यात टेकवून ठेवली तर खालचा भाग पाणी पितो, चाक एका बाजूने जड होतं आणि सुरू करताच टेबल नाचू लागतं. फार वाईट झालं तर फुटतं. अशा चाकाला तडा आहे का हे त्याला बोटात अडकवून लाकडाने हलकेच टिचकावून बघतात. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर फेकायचं. शिवाय जुन्या यंत्रांवर झाकणं कमी, पाणी चहूकडे. वर्कशॉप असतं तर मी म्हटलं असतं, घ्या, दगडी चाकं उतरवा आणि त्याच शाफ्टवर हिऱ्याची मऊ चाकं चढवा. खालच्यांच्या झोपायच्या खोलीवर नको. कारागिराला मात्र भेटाच. त्यांना त्यांच्या खड्यांची शेवटची झिलई कशी करतात ते विचारा आणि हातांकडे बघत बसा.

आता जे वाचून तुम्हाला कंटाळा येईल ते. अकीक आणि जॅस्पर म्हणजे क्वार्ट्झच, म्हणजे स्फटिकी सिलिका. त्याची सुकी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. तिने सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, आणि कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका १९९७ पासून कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे. पाण्याखाली घासलं की धूळ जवळजवळ उठत नाही, म्हणूनच ही सगळी यंत्रं ओली असतात. ‘एवढं एक टोक सुकंच घासते’ हे एकदाही नाही. पाणी संपलं की यंत्र बंद. फवाऱ्यातही बारीक कण असतात, म्हणून एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क चेहऱ्याला नीट चिकटून बसेल असा घाला. सुती रुमालाचा काही उपयोग नाही.

लोक फसतात ते काम संपल्यावर. खाली सांडलेला गाळ सकाळपर्यंत वाळतो, कुणीतरी झाडू मारतं आणि रात्रभर पाण्याने अडवलेली धूळ एका झटक्यात हवेत. बाल्कनीत झाडू बंद. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं ओलं असतानाच धुवायचं. कामाचा अॅप्रन दारातच काढायचा. गाळ मोरीत ओतू नका, तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादली रात्रभर ठेवा, वरचं पाणी हळूच काढा, खालचा चिखल ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. बाल्कनीच्या काचा उघड्या ठेवा, पण वारा तुमच्याकडून घराकडे वाहत असेल तर मधलं दार बंद.

पाणी आणि वीज एकाच टेबलावर असणार, तेव्हा प्लगला अर्थिंग हवं आणि त्या जोडणीवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवा. वायर टेबलाच्या पातळीखाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जाणार नाही. केस बांधलेले, ओढणी-पदर खोचलेला, हातमोजे काढलेले. हातमोजा चाकात अडकला तर बोटही सोबत जातं. उघड्या बोटाची कातडी फार तर खरचटते.

खालच्यांबद्दल: चाकांच्या यंत्राचा घूं आवाज खाली फारसा जात नाही, थरथर जाते. यंत्राखाली जाड रबराची चटई टाका आणि टेबल भिंतीला टेकवू नका. करवत मात्र किरकिरते. ती दुपारी.

लॅब्राडोराइटसाठी एक शब्द. त्याची निळी-सोनेरी चमक एका ठरावीक प्रतलातूनच येते. काप करायच्या आधी गोटा ओला करून उजेडात फिरवा, चमक कुठून पूर्ण दिसते ते बघा आणि खड्याची पाठ त्याला समांतर येईल असा काप घ्या. घुमट बेताचा ठेवा. फार उंच केला तर चमक मधल्या एका पट्टीपुरती उरते. पहिले दहा-बारा खडे मात्र साध्या जॅस्परचेच करा, ते बिघडल्याचं वाईट वाटत नाही. मॅलाकाइटची पिशवी सध्या बांधूनच ठेवा. त्याचा कठीणपणा मोस मापावर ३.५ ते ४, अकीकाचा ६.५ ते ७. अकीकाला सरावलेला हात त्यातून लोण्यासारखा आरपार जातो, आणि त्यातल्या तांब्यामुळे त्याचा गाळ हाताळताना जास्त जपावं लागतं.

दुकानात जाल तेव्हा तो अकरा संध्याकाळींचा खडा सोबत न्या. विक्रेत्याला यंत्र पाण्यासकट चालू करायला सांगा. नाही म्हणाला तर परत या. खडा तुमच्याच हातात धरा, २८० च्या मऊ चाकावर दोन मिनिटं फिरवत ठेवा, पुसा आणि दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात तिरका धरा. चरे पातळ झालेले दिसतील, किंवा नव्याच लाटा उठलेल्या दिसतील. लाटा दिसल्या तर चाक लंगडतंय. त्याच दुकानातलं दुसरं यंत्र मागा.